बोलता फळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या एका जुन्या तुकडीने एकत्र जमायचं ठरवलं. १९८९ साली दहावी झालेली मुलं. मुलं म्हणायचं आपलं, सगळे पन्नाशी ओलांडलेले! त्यांचा आग्रह असा की बाईंनी पूर्वीसारखा एक तास घ्यावा, विषय बाईंच्या आवडीचा. माझी सगळी नोकरी बोरघाटाच्या पायथ्याशी गेली, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. घाटातून आगगाडी वर कशी चढली, हाच विषय. नातवाकडून पॉवरपॉइंट शिकून घेतलं आणि पंधरा दिवस खपून बत्तीस स्लाइड तयार केल्या. जुनी चित्रं, नकाशे, उडत उडत येणारी अक्षरं... हौसेला मोल नाही.

त्या तुकडीतला एक जण आता बँकेत अधिकारी आहे. (नाव देत नाही, त्याला आवडणार नाही.) तिशीच्या आसपास त्याची दृष्टी पूर्ण गेली. संगणकावर काम करायला तो स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई, फाईल दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे मला सगळ्यांच्या बरोबरीने चालता येईल." मी पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन.

"बाई, राग मानू नका, पण तुमची फाईल बोलत नाही."

"बोलत नाही म्हणजे?"

"तुम्हीच ऐका." आणि त्याने फोन संगणकाजवळ धरला. एक कोरडा आवाज भराभर म्हणत होता, स्लाइड तीन, पिक्चर चार, पिक्चर पाच, टेक्स्ट बॉक्स सात. मग इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक माळ, जिला ना शेंडा ना बुडखा. मग परत पिक्चर. पंधरा दिवसांच्या माझ्या मेहनतीतून त्याच्या कानापर्यंत पोचलं ते एवढंच.

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. एवढ्या सुंदर स्लाइड! पण मी पडले इतिहासाची बाई. एखादी गोष्ट कळायची तर मागे जावं लागतं, ही जन्माची सवय. मागे जाता जाता थेट पॅरिसला पोचले.

पॅरिसमध्ये १७८५ च्या सुमारास व्हॅलेंटिन आवी यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. तिथे पुस्तकं होती, पण कशी? नेहमीची रोमन अक्षरंच कागदावर उठवलेली. बघणाऱ्याला ती फार देखणी वाटत. बोटांना मात्र एकेक अक्षर चाचपून ओळखावं लागे, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला होई. याच शाळेत लुई ब्रेल हा मुलगा आला. बापाच्या खोगिराच्या कारखान्यात लहानपणी हत्यार डोळ्याला लागून त्याची दृष्टी गेली होती. शार्ल बार्बिये नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याने उठावाच्या ठिपक्यांची एक पद्धत काढली होती, तिची या शाळेत ओळख झाली. तिच्यात बारा बारा ठिपके, बोटाच्या एका टोकाखाली न मावणारे. ब्रेलने ते सहावर आणले आणि १८२९ साली आपली पद्धत छापून प्रसिद्ध केली. मुलांनी ती उचलून धरली. शाळेच्या चालकांनी मात्र अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. ब्रेल १८५२ मध्येच वारला होता. मधल्या काळात तिच्यावर बंदी घालण्यापर्यंत मजल गेली होती. डोळस शिक्षकांची तक्रार काय, तर हे ठिपके आम्हाला वाचता येत नाहीत!

हे वाचून मी हसले आणि लगेच गप्प झाले. कारण माझ्या बत्तीस स्लाइड म्हणजे तीच उठवलेली रोमन अक्षरं. बघणाऱ्याला देखणी.

आपल्याकडची हकीकत थोडक्यात सांगते. हिंदुस्थानात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प यांनी सुरू केली. पुढे प्रत्येक भागात ब्रेलच्या वेगवेगळ्या पद्धती निघाल्या आणि एकाची दुसऱ्याला वाचता येईना. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. तिच्यात मराठी 'क'चे ठिपके आणि इंग्रजी 'के'चे ठिपके एकच आहेत. उच्चार जवळचा म्हणून खूणही तीच. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपले इतर भाषावाद आठवले की जास्तच वाटतं. असो.

संगणकाची गोष्ट मात्र उलटीकडून सुरू होते. सुरुवातीचे संगणक अंध माणसाला सोयीचे होते! आठवतो का तो काळा पडदा आणि त्यावरची हिरवी-पांढरी अक्षरं? आम्हाला शाळेत पहिला संगणक आला तेव्हा तो तसाच होता आणि आम्ही नाकं मुरडली होती. पण त्या पडद्यावर फक्त अक्षरं असत, ओळीत एकामागून एक, आणि कुठल्या जागी कुठलं अक्षर आहे हे संगणकाच्या स्मरणात लिहिलेलं असे. ते उचलून आवाजाच्या यंत्राकडे दिलं की झालं. आयबीएममधले जिम थॅचर आणि त्यांचे अंध सहकारी जेसी राइट यांच्या खटपटीतून १९८० च्या दशकात असाच एक प्रोग्राम तयार झाला. त्याचं नाव 'स्क्रीन रीडर'. पुढे ते नाव या सगळ्या जातीलाच पडलं.

मग माउस आला, चित्रं आली, खिडक्या आल्या. आपल्यासाठी संगणक सोपा झाला त्याच दिवसांत यांच्यासाठी तो बंद झाला. पडद्यावर आता अक्षरं उरली नव्हती, उरले होते नुसते रंगीत ठिपके. डोळ्याला त्यात 'अ' दिसतो, यंत्राच्या लेखी तो 'अ' नसतोच. ही कोंडी फुटायला काही वर्षं गेली. मॅकिंटॉशसाठी १९८९ मध्ये आउटस्पोकन आला. टेड हेंटर हा मोटरसायकलच्या शर्यतींतला गडी, १९७८ मध्ये गाडीच्या अपघातात त्याची दृष्टी गेली, पुढे त्याने जॉज हा स्क्रीन रीडर काढला. विंडोजसाठीचा जॉज १९९५ चा. तो चांगला, पण महाग. २००६ मध्ये मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला, जेम्स टे हा त्याच्यासारखाच अंध मित्र त्याला येऊन मिळाला. तो फुकट आहे, कोणीही उतरवून घ्यावा. त्याच्यासोबत येणाऱ्या आवाजात मराठीही आहे. उच्चार जरा यांत्रिक आहेत, पण मराठी आहे. माझा विद्यार्थी घरी हाच वापरतो.

थोडक्यात, यंत्र बोलायला तयार होतं. बोलण्यासारखं त्याला काही दिलं नव्हतं ते मी.

पॉवरपॉइंट जन्मला १९८७ मध्ये, मॅकिंटॉशसाठी. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन ही त्यामागची मुख्य माणसं, फोरथॉट ही छोटी कंपनी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती एक कोटी चाळीस लाख डॉलरना विकत घेतली. मुळात ते होतं ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदांसाठी. प्रशिक्षण शिबिरांत ते कागद आम्हीही वापरले आहेत, दिव्याच्या उष्णतेने वळायचे ते. स्लाइड आजही मनाने तो कागदच आहे. हवी ती चौकट हवी तिथे ठेवा. वर काय, खाली काय, आधी काय, नंतर काय, हे बघणाऱ्याचा डोळा जागेवरून ठरवतो. स्क्रीन रीडरला मात्र जागेशी कर्तव्य नसतं. तो वाचतो तो क्रम सहसा चौकटी ठेवल्याचा. जी आधी ठेवली ती आधी.

याचा मासला सांगते. बोरघाटाच्या बांधकामात सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार होता. १८५९ मध्ये तो बायकोला घेऊन मुंबईत उतरला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची विधवा ॲलिस हिने ठेका सोडला नाही. अनुभवी इंजिनिअर नेमून तिने काम तडीस नेलं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. हा माझा सगळ्यात लाडका भाग. पण ती स्लाइड मी शेवटाकडून बनवली होती. आधी घाट पुरा झाल्याची चौकट टाकली, मग ॲलिसची, मग सॉलोमनच्या मृत्यूची, आणि जागा उरली म्हणून वरती मुंबईत उतरल्याची. शीर्षक सर्वात शेवटी. त्यामुळे विद्यार्थ्याच्या कानावर गेलं ते असं: घाट खुला झाला, बाईने ठेका चालवला, नवरा वारला, दोघं मुंबईत उतरली. तो म्हणाला, "बाई, तुम्हीच सनावळ्यांसाठी आमचे कान पिळायचात ना?"

दुरुस्ती सोपी निघाली. पॉवरपॉइंटमध्ये 'सिलेक्शन पेन' म्हणून एक यादी उघडते, तिच्यात स्लाइडवरच्या सगळ्या वस्तू एकाखाली एक दिसतात. गंमत म्हणजे ती यादी खालून वर वाचायची! जे आधी वाचलं जावं ते तळाला. हे कळेपर्यंत मी दोन स्लाइड पुन्हा उलट्या करून ठेवल्या. दुसरं म्हणजे शीर्षकाची तयार जागा असते, ती मी कुरूप म्हणून पुसून स्वतःची नक्षीदार चौकट बसवली होती. दिसायला शीर्षक, पण यंत्राच्या हिशेबी ती स्लाइड बिननावाची. एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना त्याला नावं ऐकूनच जावं लागतं. धड्यांची नावं फाडून टाकलेलं पुस्तक कोणाच्या हातात द्यावं तसं मी केलं होतं.

आणि ती इंग्रजी अक्षरांची माळ? ती गोष्ट आपल्या घरची आहे, म्हणून जरा थांबून सांगते. माझी जुनी टिपणं पंचवीसेक वर्षांपूर्वी एका टायपिंगवाल्याकडून करून घेतलेली, त्यातलाच मजकूर मी उचलला होता. त्या काळी मराठीचे फॉन्ट म्हणजे एक युक्ती होती. संगणकाला आत इंग्रजी अक्षरंच दिलेली असत, आणि त्या इंग्रजी अक्षरांची चित्रं बदलून देवनागरी केलेली असत. एका प्रसिद्ध जुन्या फॉन्टमध्ये 'भारत' लिहिलं की आत साठतं ते एच, के, के, जे, आर. पडद्यावर भारत, कागदावर भारत, पण स्क्रीन रीडर तर आतलं वाचतो! युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या जागा १९९१ पासूनच आहेत. सर्वसाधारण संगणकावर त्या नीट वापरता यायला विंडोज २००० उजाडावं लागलं, आणि आमच्यासारख्यांची जुनी सवय सुटायला त्याहून पुष्कळ जास्त. मी बी.ए. मराठी माध्यमातून केलं, जन्मभर मराठीत शिकवलं, ऱ्हस्व-दीर्घासाठी मुलांच्या मागे लागले. आणि इतकी वर्षं संगणकावर मी मराठी लिहिलंच नव्हतं, मराठीची चित्रं काढत होते. सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप केला. आठ दिवस गेले. मजकूर आपोआप बदलून देणारी सोय असते असं नातवाने नंतर सांगितलं. नंतर!

चित्रांचं काम सगळ्यात अवघड. प्रत्येक चित्राला आतून एक वर्णन जोडता येतं, त्याला आल्ट टेक्स्ट म्हणतात. ही कल्पना इंटरनेटच्या पानांवरून आली. १९९३ च्या सुमारास पानांत चित्रं घालता येऊ लागली आणि ज्याला चित्र दिसणार नाही त्याच्यासाठी पर्यायी शब्दांची सोयही लवकरच झाली. १९९९ मध्ये वेबसाठी सुगम्यतेचे पहिले आंतरराष्ट्रीय निर्देश निघाले, त्यातला पहिलाच नियम हा: चित्राला शब्दांचा पर्याय द्या.

माझं मुख्य चित्र होतं खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनचं. वर्णनात लिहिलं, 'रिव्हर्सिंग स्टेशनचे जुने चित्र'. तो म्हणाला, "ते तर शीर्षकातच कळलं." मग मी इरेला पेटून सगळं लिहिलं. डोंगर, दरी, झाडं, धुके, आकाशातले ढग. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "बाई, ढग परीक्षेला आहेत का?"

मग मी चित्र समोर ठेवून बसले. हे चित्र मी का दाखवते आहे? तिसऱ्या खेपेला लिहिलं: 'डोंगराच्या सोंडेवर रूळ संपतात, पुढे दरी आहे. गाडी खालून येऊन इथे थांबते. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जोडले जाते. गाडी आली त्याच बाजूने, पण दुसऱ्या रुळावरून, आणखी वर जाते.' हे लिहायला मला पाऊण तास लागला. याच नियमाने बाकीची चित्रं तपासली तर नऊ चित्रांबद्दल मला एक ओळ लिहिता येईना. ती नुसती शोभेला होती. काढून टाकली. पॉवरपॉइंटच्या २०१० च्या आवृत्तीपासून त्यात तपासनीस आहे, वर्णन राहिलं असेल तर तो दाखवतो. पण वर्णनात मी ढग लिहिले की रूळ, हे त्याला कळत नाही. हल्ली यंत्र आपणहून वर्णन सुचवतंही. माझ्या चित्राला त्याने सुचवलं, डोंगरातली आगगाडी. चूक नाही. पण धडा तो नाही.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं.

फळ्यावर लिहिताना मोठ्याने बोलत लिहायची माझी सवय. सहकारी त्यावरून चेष्टा करत. या सगळ्या खटाटोपात एकदा तो सहज म्हणाला, "तुमचे तास मला सोपे जायचे बाई. फळा दिसायचा नाही, पण तुम्ही लिहिता लिहिता बोलायचात." मी विचारलं, म्हणजे तेव्हापासूनच? हो म्हणाला. त्याचा आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग नजरेचा घेर आक्रसत जातो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भरदुपारी वर्गात अंधार असायचा आणि दिवे असून नसल्यासारखे. घरच्यांनाही तेव्हा नीट माहीत नव्हतं.

पण नकाशा मी बोलत नव्हते. नकाशा काढताना म्हणायचे, "इथून इथपर्यंत." त्याची नकाशावही नेहमी कोरी. मी तिच्यावर लाल शाईने शेरा मारला होता, आणि वर्गात वाचूनही दाखवला होता: काम अपूर्ण, आळशीपणा. मला तो शेरा आठवत होता. त्याला आठवत होता की नाही, विचारायचा धीर झाला नाही. मग एके दिवशी फोनवर मीच म्हटलं, "अरे, तुझ्या नकाशावहीवर मी एकदा..." तो म्हणाला, "बाई, नववीत. ऑगस्ट महिना." आणि मग दोघंही जरा वेळ काही बोललो नाही. नंतर त्यानेच विचारलं, "अठराव्या स्लाइडच्या नकाशाचं वर्णन झालं का?"

२०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे, तो २०१७ पासून लागूही आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. चांगलं झालं. पण माझी फाईल बिघडवायला कुठलं सरकार आलं नव्हतं, आणि लाल शाईचं पेनही माझंच होतं.

अठराव्या स्लाइडचा नकाशा पुरा केला. कर्जतहून रूळ कसे निघतात, कुठे वळतात, सोळाएक मैलांत अठराशे फुटांवर कसे चढतात, पंचवीस बोगदे. 'इथून इथपर्यंत' हे शब्द कुठेही येऊ दिले नाहीत.

जमायच्या दिवशी तो पुढच्या बाकावर बसला. मांडीवर लॅपटॉप, एका कानात इअरफोन, दुसरा कान माझ्यासाठी मोकळा. उडती अक्षरं मी काढून टाकली होती. सुरुवातीला दोनदा तोंडातून "हे बघा, इथे" निघालंच, मग जीभ जुन्या वळणावर आली आणि पडद्यावर जे दिसतं ते मी बोलत गेले, फळ्यावर बोलायचे तशी. रिव्हर्सिंग स्टेशनचं चित्र आलं. बायकामुलांसकट चाळीस माणसं ते बघत होती. छान, छान, असं कोणी कोणी म्हणालं.

त्याने हात वर केला. शाळेत करायचा तसाच, कोपर बाकावर टेकवून.

"बाई, इंजिन मागे लागलं, डबे तसेच राहिले. म्हणजे मुंबईहून पुढे तोंड करून बसलेला माणूस इथून पुढे पुण्यापर्यंत पाठमोरा जायचा?"

वर्ग हसला. हा धडा मी पस्तीस वर्षं शिकवला होता आणि हे माझ्या कधीही डोक्यात आलं नव्हतं. मी वळून चित्राकडे पाहिलं, मनातल्या मनात एका माणसाला डब्यात बसवलं, इंजिन सोडलं, जोडलं.

"हो," म्हटलं. "पाठमोरा जायचा."